कॅनडातल्या 'ब्रायर' या कर्लिंग स्पर्धेचं लोकांना एवढं वेड का आहे?

तुम्ही विचारलंय की चार माणसं बर्फावर दगड सरकवतात, त्यातली दोघं पुढे झाडू मारत धावतात, आणि हे बघायला लोक दहा दहा दिवस कसे बसतात. मी रिजायनात राहतो, म्हणजे सस्कॅचेवान प्रांतात. इथे क्रिकेटचं मैदान शोधावं लागतं, पण कर्लिंगचा क्लब लहानशा गावातही असतो. तेव्हा उत्तर थोडं पक्षपाती निघणार, हे गृहीत धरा.

ब्रायर म्हणजे कर्लिंगची रणजी समजा. फक्त हिला स्टेडियम भरतं. २००५ साली एडमंटनला स्पर्धाभरात मिळून २ लाख ८१ हजारांवर प्रेक्षक आले होते. पुरुषांची ही राष्ट्रीय स्पर्धा आहे, संघ प्रांतांच्या नावाने उतरतात, आणि जो जिंकतो तो जागतिक स्पर्धेत कॅनडाचा संघ म्हणून जातो. निवड समिती नाही, कोटा नाही. आपल्याकडे मुंबई, महाराष्ट्र आणि विदर्भ वेगवेगळे खेळतात ना, तसंच इथे ऑन्टॅरिओ आणि नॉर्दर्न ऑन्टॅरिओचं. बाहेरच्याला गंमत वाटते, पण नॉर्दर्नवाल्यांसमोर हसू नका. १९८२, १९८५ आणि २०१३ साली ते जिंकलेत.

नावाची कथा मजेशीर आहे. १९२७ साली टोरोंटोच्या ग्रॅनाइट क्लबात पहिली स्पर्धा झाली, तेव्हा खर्च मॅकडॉनल्ड या तंबाखू कंपनीने उचलला होता आणि 'ब्रायर' हा त्यांच्या तंबाखूचा ब्रँड. कंपनी १९७९ नंतर बाजूला झाली. मग बिअरवाले आले, मोबाइलवाले आले, कॉफीवाले आले, हल्ली एक रेस्टॉरंटची साखळी आहे. तंबाखूचं नाव मात्र गेलं नाही. खेळाडूंना मिळणारा जांभळा बदाम, म्हणजे बाहीवर शिवायचा हृदयाच्या आकाराचा बिल्ला, तोसुद्धा त्याच कंपनीच्या काळातला. तो जिंकणाऱ्यालाच मिळतो असं नाही, ब्रायर खेळणाऱ्या प्रत्येकाला मिळतो. त्यामुळे नुनावुटसारख्या दूर उत्तरेच्या संघाने बहुतेक सामने हरले तरी ते खेळाडू जन्मभर 'ब्रायर खेळलेले' राहतात.

आता खेळ. सगळे नियम सांगत बसत नाही. ग्रॅनाइटचा जवळजवळ २० किलोचा दगड, तीसेक मीटरवर बर्फाखाली रंगवलेलं १२ फूट व्यासाचं वर्तुळ. एका डावात, त्याला 'एंड' म्हणतात, प्रत्येक संघ आठ दगड टाकतो. सामना १० एंडांचा. मध्याच्या सगळ्यात जवळ ज्याचा दगड, त्यालाच गुण. समोरच्याच्या सर्वांत जवळच्या दगडाच्या आत आपले जितके, तितके. दुसऱ्याला शून्य.

खरी मेख शेवटच्या दगडात आहे. तो ज्याच्या हातात त्याच्याकडे 'हॅमर'. पण गुण मिळवला की पुढच्या एंडला हॅमर समोरच्याकडे जातो. म्हणून हॅमर हातात असताना नुसता एक गुण घेणं म्हणजे फसल्यासारखंच. दोन मिळत नसतील तर संघ मुद्दाम वर्तुळातले सगळे दगड उडवून शून्यावर एंड सोडतात आणि हॅमर जपून ठेवतात.

याच हिशेबाने एकदा खेळ मरायला टेकला होता. १९८९ च्या अंतिम सामन्यात अल्बर्टाच्या पॅट रायनने ब्रिटिश कोलंबियाच्या रिक फोकला ३-२ असं हरवलं. समोरच्याने दगड टाकला की आपल्या दगडाने धडकून उडव, टाकला की उडव. प्रेक्षक 'बोअरिंग' म्हणून ओरडायला लागले. पुढे १९९३-९४ च्या मोसमापासून कॅनडात नियम आला की सुरुवातीच्या दगडांपैकी वर्तुळाच्या पुढे उभे असलेले 'गार्ड' उडवायचे नाहीत. वर्तुळासमोर गर्दी राहायला लागली, तिला वळसा घालून दगड आत न्यावा लागला, आणि गुण वाढले. हाच रायन १९९४ साली त्याच फोकच्या संघातून खेळून ब्रायर जिंकला!

तुमचा झाडूंचा प्रश्न. बर्फ गुळगुळीत नसतो, त्यावर मुद्दाम पाण्याचे थेंब शिंपडून खडी उठवलेली असते. दगड तिच्यावरून फिरत, हळूहळू वळत जातो. पुढे घासलं की तो जास्त लांब जातो आणि कमी वळतो. म्हणजे दगड हातातून सुटल्यावरही त्याच्याशी बोलता येतं.

२०१७ चा शेवट बघा, म्हणजे मी काय म्हणतोय ते कळेल. स्पर्धा न्यूफाउंडलंडच्या सेंट जॉन्समध्ये, त्यांच्याच ब्रॅड गुशूचा संघ अंतिम सामन्यात, समोर केव्हिन को याचा संघ. न्यूफाउंडलंड त्याआधी एकदाच जिंकलेलं, १९७६ साली. गुशू तर २००६ चा ऑलिंपिक विजेता, पण ब्रायर काही हाती लागत नव्हतं. शेवटचा दगड त्याचा, नुसता आत नेऊन थांबवायचा. आणि तो जोर कमी पडून निघाला. ब्रेट गॅलंट आणि जेफ वॉकर त्याच्यापुढे जीव खाऊन झाडू मारत गेले, गुशू मागून ओरडतोय, आणि दगड कसाबसा पुरेसा आत येऊन थांबला. ७-६. पुढे गुशूने आणखी पाच जिंकल्या, त्यातल्या २०२२ च्या अंतिम सामन्यात तर एक खेळाडू कोविडमुळे बाहेर, म्हणून तिघांनीच. तरी लोक आठवण काढतात ती सेंट जॉन्सची.

तक्रारही सांगतो. याच गॅलंटने २०२५ साली केलोनाला ब्रायर जिंकली, पण अल्बर्टाकडून. माणूस मूळचा प्रिन्स एडवर्ड आयलंडचा. कर्णधार ब्रॅड जेकब्स, जो २०१३ ला नॉर्दर्न ऑन्टॅरिओकडून जिंकला होता. रहिवासाच्या नियमांत बाहेरचा खेळाडू घ्यायची मुभा आहे, त्यामुळे यात गैर काही नाही. आघाडीचे संघ आता वर्षभर पैशांच्या स्पर्धा खेळतात आणि प्रांत बघून गडी जमवत नाहीत. काही जण तर म्हणतात, प्रांत काढूनच टाका, पहिले सोळा संघ बोलवा. माझ्या मते तसं केलं तर खेळ चांगला होईल आणि ब्रायर संपेल. सोळा चांगले संघ तर इतर स्पर्धांतही दिसतात. नुनावुटने एखादा गुण घेतल्यावर अख्खं स्टेडियम उभं राहतं, ते तिथे दिसत नाही.

टीव्हीवर बघणार असाल तर आवाज बंद करू नका. खेळाडूंच्या अंगावर माइक असतात, त्यामुळे कुठला दगड कसा टाकायचा यावरचा त्यांचा सगळा वाद ऐकू येतो. नवख्याला समालोचनापेक्षा त्यातून जास्त कळतं. बाद फेरी समजायला अडचण येणार नाही, आयपीएलमध्ये क्वालिफायर-एलिमिनेटर असतात साधारण तशीच पद्धत.

आणि कधी इकडे येऊन प्रत्यक्ष बघायचं ठरवलंत तर साखळीतल्या एखाद्या साध्या दिवसाचं तिकीट काढा. शेजारी शेजारी चार सामने एकदम चालू असतात, एक रटाळ झाला तर मान वळवायची. बसायला बाजूची नव्हे, टोकाकडची जागा घ्या. दगड किती वळतो ते तिथूनच दिसतं.