घडी कुठे चुकते? : ओरिगामीविषयी, म्हणजे कागदाच्या घडीकामाविषयी, वाचकांचे प्रश्न

प्रश्न : झेरॉक्सच्या कागदाचा करकोचा करते. घड्या जपून घालते, तरी पंख लहानमोठे होतात, चोच जाड आणि बोथट येते. दोनदा तर मान वर काढताना कागदच फाटला. चुकतं कुठे? (धरमपेठ)

पंखात दिसलेली चूक पंखात झालेली नसते, ती बहुतेक वेळा चौकोनातच असते. ए-फोर कागद 21 बाय 29.7 सेंटिमीटरचा. कोपरा समोरच्या लांब कडेवर आणून त्रिकोण केला की 8.7 सेंटिमीटरची पट्टी उरते. ती हाताने फाडली की कड केसाळ होते आणि मापही जातं. स्टीलची पट्टी ठेवून कटरने कापा. मग दोन्ही कर्णांवर दुमडून पाहा. कोपऱ्यावर कोपरा बसला नाही तर तो कागद हिशेब लिहायला ठेवा. सुरुवातीचा एक मिलिमीटर शेवटी पंखात ठळक दिसतो.

आता घड्या. रंगीत बाजू वर ठेवून दोन्ही कर्ण घाला. कागद उलटा करा, पांढऱ्या बाजूवरून उभी आणि आडवी घडी घाला. कर्ण एका दिशेला आणि अधिकची खूण दुसऱ्या दिशेला, एवढं जमलं की चारही कोपरे एकत्र आणताना कागद आपसूक बसतो. 15 सेंटिमीटरच्या कागदाचा साडेसात सेंटिमीटरचा चौकोन होतो. बसत नसेल तर ढकलू नका, एखादी घडी उलट्या बाजूने पडली आहे.

चौकोनाचं उघडं टोक, म्हणजे चारही कोपरे जिथे आले ते, आपल्याकडे ठेवा. वरच्या थराच्या खालच्या दोन्ही कडा मधल्या रेषेवर आणा, वरचा त्रिकोण त्यांच्यावर दुमडा, आणि तिन्ही घड्या परत उघडा. आता वरच्या थराचं खालचं टोक उचलून थेट वर न्या. बाजूच्या कडा आत मिटत येतील आणि लांबट पाकळी तयार होईल. मागच्या बाजूलाही तेच. पाकळीचं टोक वाकडं झालं तर समजा की कडा रेषेच्या पलीकडे गेल्या होत्या. खाली आता दोन पाय दिसतात. त्यांच्या बाहेरच्या कडा पुन्हा मध्याकडे आणून पाय निमुळते करा, पुढून आणि मागून.

तुमची चोच इथेच जाड होते. कागदाचा कोपरा 90 अंशांचा. तो आधी चार थरांत मिटतो, निमुळता केल्यावर आठ थरांत, म्हणजे टोक उरतं सव्वाअकरा अंशांचं. झेरॉक्सचा 80 जीएसएम (एका चौरस मीटरचं वजन 80 ग्रॅम) कागद साधारण 0.1 मिलिमीटर जाड असतो, तेव्हा आठ थरांचे 0.8 मिलिमीटर झाले. त्यावर चोचीची घडी. त्याच मापाचा 60 ते 70 जीएसएमचा कागद घेतला तर फरक लगेच कळेल. आणि पाय निमुळते करताना कडा मधल्या रेषेला चिकटवू नका, मिलिमीटरभर जागा सोडा. यातल्याच एका पायाची मान पुढे आतून वर वळणार असते, तिला वळायला जागा नको?

फाटतो तोही त्याच जागी, दोन पाय वेगळे होतात त्या खाचेत. पाय थेट आतून वर ओढला तर सगळा ताण त्या बिंदूवर येतो. आधी पाय नुसता पुढे वर दुमडा, मग त्याच रेषेवर मागे वर दुमडा, सरळ करा. रेषा दोन्हीकडून मऊ झाली की पायाचे थर किंचित उघडून तो आत उलटवा. घडी खाचेच्या वर न्यायची नाही, उलट केसभर खाली ठेवायची. दुसऱ्या पायाची शेपटी तशीच. मग मानेच्या टोकाला चोच, पंख खाली, आणि पोटाखालच्या छिद्रातून हलकी फुंकर.

जाता जाता : या करकोच्याला पुष्कळदा बगळाही म्हणतात. पण याचा मूळ जपानी पक्षी त्सुरु हा क्रौंच कुळातला, गोंदियाच्या धानाच्या बांध्यांत दिसणाऱ्या सारसाचा भाऊबंद.

प्रश्न : करकोच्याची शेपटी ओढल्यावर पंख हलायला हवेत ना? माझे हलत नाहीत. (मानेवाडा)

नाही हलणार. पंख हलवणारा पक्षी वेगळा, फक्त पाया, म्हणजे सुरुवातीच्या घड्या, त्याच. त्यात पाय निमुळते करायचे नाहीत आणि फुंकर घालायची नाही. रुंद पायांचीच मान आणि शेपटी करा, पंख अर्धवट खाली वळवा, त्यांवर नख फिरवू नका. छातीखाली चिमटीत धरून शेपटी तिच्याच दिशेने, तिरकी ओढा.

प्रश्न : मी सहावीत आहे. कार्डाचा बेडूक केला, पण तो उडीच मारत नाही, नुसता घसरतो. (नंदनवन)

घडी फार कडक पडली असणार. बेडकाच्या मागच्या पायांत स्प्रिंग असते, आणि ती तू नखाने मारून टाकतोस. पुन्हा एकदा करू.

जुनं व्हिजिटिंग कार्ड घे, 9 बाय साडेपाच सेंटिमीटरचं. उभं धर. वरची कड आधी डाव्या बाजूवर, मग उजव्या बाजूवर आणून वर फुली पाड. कार्ड उलटं करून फुलीच्या मध्यातून आडवी घडी घाल. परत सुलटं कर, बाजू आत ढकल. वर त्रिकोण बसेल. (वर करकोच्याचा चौकोन सांगितला आहे ना, तो आतून बाहेर उलटवला की हाच त्रिकोण होतो. कागद घेऊन बघ.) त्रिकोणाची वरची दोन सुटी टोकं नाकाकडे, जराशी बाहेर झुकवून दुमड, हे पुढचे पाय. खालच्या दोन्ही बाजू त्रिकोणाच्या खाली सरकवून मधल्या रेषेवर आण.

आता बेडूक नाकापासून खालपर्यंत सव्वासहा सेंटिमीटर आहे. खालची कड वर आण, नाकाच्या टोकाच्या अर्धा सेंटिमीटर अलीकडे थांब. मग तीच कड परत खाली, नुकत्याच पडलेल्या घडीवर आण. या दोन घड्या बोटाच्या पोटाने दाबायच्या, नखाने अजिबात नाही. बाकी सगळीकडे नख चालेल. उलटा करून ठेव. मागची कड बाजूने पाहिलीस तर झेडसारखी, थोडी उघडी दिसली पाहिजे. तीच पूर्ण मिटली असेल तर बेडूक गेला.

बोट पाठीवर मध्यभागी ठेवू नकोस. मागच्या काठावर ठेव, दाब, आणि बोट मागे घसरवत सोड. लादीवर घसरत असेल तर वहीच्या पुठ्ठ्यावर ठेवून बघ. पावसाळ्यात दमट झालेलं कार्ड उडत नाही, ते बदलच.

प्रश्न : मे महिन्यात घोटीव कागद घडीवर तडकतो, पांढरी रेघ दिसते. कूलरसमोर बसलं तर तोच कागद लोळागोळा होतो. करायचं काय? (महाल)

दोन्ही त्रास पाण्याचे आहेत. कागदाच्या तंतूंत थोडा ओलावा असतो. नागपूरच्या कोरड्या उन्हात तो निघून जातो, तंतू ताठ होतात आणि दुमडताना तुटतात. घोटीव कागदावर वरून लेप असतो, त्याला तर वाकणं माहीतच नाही, म्हणून आतला पांढरा कागद उघडा पडतो. कूलरची हवा याच्या उलट. तंतू पाणी पितात, फुगतात, आणि फुगतात ते लांबीपेक्षा जाडीच्या दिशेने जास्त. त्यामुळे चौकोनाची एक बाजू दुसरीपेक्षा वाढते. सकाळी तंतोतंत कापलेला कागद दुपारी चौकोन राहिलेला नसतो.

कागद प्लॅस्टिकच्या पिशवीत, वजनाखाली सपाट ठेवा. घडीकाम कूलरच्या झोतापासून दूर, आणि कापणं व दुमडणं एकाच बैठकीत. तंतूंची दिशा पाहायला कागद न दुमडता दोन्हीकडून हलका वाकवून बघा. ज्या दिशेने सहज वाकतो, त्या वाकाची रेषा तंतूंना समांतर असते. छापखान्यात याला ग्रेन म्हणतात. ग्रेनला आडवी जाणारी घडीच आधी तडकते, ती दोन टप्प्यांत, आधी हलकी आणि मग पक्की घाला.

शिकताना घोटीव कागद घेऊच नका, असं आमचं स्पष्ट मत आहे. बर्डीवर (नागपूरच्या सीताबर्डी बाजारात) मिळणारा दोन्ही बाजूंनी रंगीत, बिनचकाकीचा पातळ कागद बरा. खाकी कागदही उत्तम, फक्त रंगाची हौस भागत नाही. संक्रांतीनंतर उरलेला पतंगाचा कागद छोट्या करकोच्यांना छान, पण त्यावर एकदा चुकलेली रेघ जात नाही.

प्रश्न : तान्ह्या पोळ्यासाठी एकाच कागदाचा, न कापता बैल करता येईल का? (इतवारी)

येईल, पण नवशिक्याने तिथून सुरुवात करू नये. टोकं मोजा : चार पाय, दोन शिंगं, डोकं, शेपटी. आठ झाली. करकोच्याच्या सुरुवातीच्या घड्यांतून चारच लांब टोकं निघतात. जास्त टोकं म्हणजे जास्त थर, आणि तयार बैल कागदाच्या मानाने बराच लहान. मुलांसाठी बैलाचं तोंड करा, ते दोन मिनिटांत होतं.

15 सेंटिमीटरचा चौकोन कर्णावर दुमडून त्रिकोण करा, लांब कड वर, टोक खाली. लांब कडेची अडीच सेंटिमीटरची पट्टी दोन्ही थरांसकट पुढे खाली दुमडा. पट्टीची दोन टोकं चेहऱ्याच्या बाहेर येतील. चेहऱ्याची तिरकी कड जिथे आहे बरोबर त्याच रेषेवर ती टोकं वर वळवा. शिंगं माथ्याच्या अडीच सेंटिमीटर वर उभी राहतील. खालचं टोक अडीच सेंटिमीटर मागे दुमडलं की नाक. शिंगं पडत असतील तर पट्टी कमी रुंद झाली आहे.

प्रश्न : आकृत्यांत काही रेघा तुटक असतात, काहींत मध्ये ठिपके. फरक काय? (सदर)

नुसती तुटक रेघ म्हणजे घडी आपल्याकडे, दरीसारखी. तुटक रेघेत ठिपके म्हणजे घडी मागे, डोंगरासारखी. या खुणांची पद्धत जपानचे ओरिगामी कलाकार अकिरा योशिझावा (1911–2005) यांची, त्यामुळे आकृत्यांखालची भाषा येत नसली तरी अडत नाही. बाण मात्र नीट पाहा. जाऊन परत येणारा बाण म्हणजे घडी घालून उघडायची, आणि गाठ मारल्यासारखा बाण दिसला तर आख्खा कागद उलटायचा.