कॉपी केलेली आयएसओ बूट का होत नाही?

प्रश्न : १४ ऑक्टोबर २०२५ला विंडोज १०चा सपोर्ट संपला. माझ्या लॅपटॉपमध्ये टीपीएम २.० ही सुरक्षेची चिप नाही, त्यामुळे विंडोज ११ बसत नाही. म्हणून लिनक्स मिंट या मोफत ऑपरेटिंग सिस्टिमची आयएसओ फाइल पेनड्राइव्हवर कॉपी केली, पण लॅपटॉप त्यावरून सुरूच होत नाही.

उत्तर : कॉपी केलीत, तिथेच अडलं. आयएसओ म्हणजे अख्ख्या डिस्कचा साचा. तो नुसता कॉपी केला तर सुरू होताना लॅपटॉप जो बूटलोडर (सिस्टिम सुरू करून देणारा छोटा प्रोग्रॅम) शोधतो, तो त्या फाइलच्या पोटातच राहतो. रूफस किंवा एचर या सॉफ्टवेअरने ती आयएसओ पेनड्राइव्हवर ‘लिहावी’ लागते. आधीचा सगळा डेटा यात पुसला जातो, तेव्हा लग्नाचे फोटो असलेला पेनड्राइव्ह घेऊ नका.

झाल्यावर पेनड्राइव्ह उघडून बघा. रूफसने आयएसओ मोडमध्ये लिहिला असेल तर ‘ईएफआय’, ‘बूट’, ‘कॅस्पर’ असे फोल्डर दिसतात. अजूनही एकच आयएसओ फाइल दिसत असेल तर काम झालेलं नाही. एचरने लिहिल्यावर विंडोज कधीकधी ‘डिस्क फॉरमॅट करायची का?’ असं विचारतं. तिथे कॅन्सलच दाबा. घाईत फॉरमॅट दाबून केलेलं काम पुसणारे मी बरेच पाहिलेत.

प्रश्न : डीव्हीडी चालेल का?

उत्तर : मिंटला चालेल, ती साधारण ३ जीबीची आहे. आयएसओवर राइट क्लिक करून ‘बर्न डिस्क इमेज’ घ्या. विंडोज ११ची आयएसओ मात्र ५ जीबीच्या वर जाते आणि साध्या डीव्हीडीत ४.७ जीबीच मावतात. तिथे ८ जीबीचा पेनड्राइव्ह बरा.

प्रश्न : इन्स्टॉल अर्ध्यावर आलं की एरर येते. पेनड्राइव्ह बदलला, तरी तेच.

उत्तर : मग संशय डाउनलोडवर घ्यायचा. आयएसओ जिथून उतरवलीत तिथेच तिचा शा-२५६ दिलेला असतो, म्हणजे फाइलच्या बोटांच्या ठशासारखी ६४ अक्षर-अंकांची ओळ. सेव्हन-झिप असेल तर फाइलवर राइट क्लिक करून तुमच्याकडच्या फाइलची तीच ओळ काढता येते. दोन्ही ताडून बघा. एक अक्षर जरी वेगळं निघालं तरी फाइल पुन्हा उतरवा. या दोन मिनिटांचा कंटाळा करू नका, तिथेच अख्खी संध्याकाळ वाचते.

प्रश्न : लॅपटॉप कशावरून सुरू करायचा ते निवडायचा बूट मेनू सापडत नाही.

उत्तर : लॅपटॉप सुरू होताना डेल आणि लेनोवोला बहुधा एफ१२, एचपीला एस्केप आणि मग एफ९. बटण वेळेवर दाबणं जमत नसेल तर विंडोजमध्येच शिफ्ट धरून रीस्टार्ट करा आणि ‘यूज अ डिव्हाइस’मधून पेनड्राइव्ह निवडा.

प्रश्न : जुना डेटा जाईल का?

उत्तर : पेनड्राइव्हवरून मिंट नुसतं चालवून बघितलंत तर डिस्कला हात लागत नाही. तेव्हा आधी तेच करा. वायफाय लागतं का, आवाज येतो का, टचपॅड चालतो का, सगळं बघा. कीबोर्डच्या सेटिंगमध्ये मराठी लेआउट जोडून दोन ओळी टाइप करा. पटलं तरच इन्स्टॉल. ‘इरेज डिस्क’ निवडलंत की त्या डिस्कवरचं विंडोज आणि फाइली सगळं जातं, म्हणून बॅकअप त्याआधी घ्यायचा आणि तो दुसऱ्या मशीनवर उघडून बघायचा. बॅकअपची हार्ड डिस्क इन्स्टॉलच्या वेळी लावून ठेवू नका. डिस्कच्या यादीत तीही दिसते आणि चुकून तीच निवडली जाते.