जमीन विकायच्या आधी बाबांसमोर वही उघड

पत्र: ताई, मी २३ वर्षांची आहे. निफाड तालुक्यात आमची साडेतीन एकर द्राक्षबाग आहे. नाशिकला मेकॅनिकल केलं, नंतर वर्षभर अंबडला एका कंपनीत नोकरी केली. आता जर्मनीतल्या एका सरकारी विद्यापीठात मास्टर्सला प्रवेश मिळालाय. फी नाही, पण ब्लॉक्ड अकाउंटला मोठी रक्कम लागते. बाबा म्हणतात, एक एकर विकून टाकू. काका त्यांचा इंदिरानगरचा फ्लॅट तारण द्यायला तयार आहेत, पण बाबांना भावापुढे हात पसरायचा नाही. आजी म्हणते, आधी लग्न. आई काहीच बोलत नाही, रात्री रडते. कन्सल्टन्सीवाले रोज फोन करून पैसे भरा म्हणतात. मी सगळ्यांसमोर आनंदात असल्यासारखी वागते, पण आतून इतकी घाबरलेय की कधी कधी वाटतं, व्हिसाच नाकारला तर सुटेन. मी स्वार्थी आहे का? आणि सोबत काय काय न्यायचं?

उत्तर:

प्रिय मैत्रिणी,

स्वार्थी माणसाची एका एकरापायी अशी झोप उडत नसते. तेव्हा तो प्रश्न आपण इथेच सोडून देऊ. सोबत काय न्यायचं तेही शेवटी सांगते, कारण ते सगळ्यात सोपं आहे. तुझ्या घरात अवघड झालंय ते वेगळंच. बाबा तुला चिंता नको म्हणून बोलत नाहीत, आई तुझा पाय अडू नये म्हणून बोलत नाही आणि तू त्यांना वाईट वाटू नये म्हणून हसत राहतेस. या गप्प बसण्यात एक एकर बाग विकली जाईल, आणि ती खरंच विकायची गरज होती का हे कुणी तपासलेलंच नसेल.

म्हणून आधी पैशांचं बोलू. ब्लॉक्ड अकाउंट म्हणजे तिथल्या राहण्या-खाण्याचे पैसे व्हिसासाठी आधीच भरून ठेवायचं खातं. त्याचा आकडा सध्या वर्षाला ११,९०४ युरो आहे, म्हणजे आपल्याकडचे बारा लाखांच्या घरातले. ही फी नाही हे बाबांना नीट समजावून सांग. ते पैसे तुझ्याच नावावर राहतात आणि तिथे पोचल्यावर महिन्याला ९९२ युरो असे तुला खर्चायला मिळतात. ते कन्सल्टन्सीच्या खात्यात भरायचे नसतात. खातं तू स्वतः ऑनलाइन उघडू शकतेस. रोज फोन करणाऱ्यांना एवढंच सांग की घरचा निर्णय झाला की मी कळवीन. फी नाही, हेही विद्यापीठाच्या पत्रावर एकदा वाचून खात्री कर. बहुतेक सरकारी विद्यापीठं फी घेत नाहीत हे खरं, पण बाडेन-व्युर्टेंबर्ग राज्यात युरोपीय संघाबाहेरच्या विद्यार्थ्यांना सेमिस्टरला १,५०० युरो पडतात, आणि म्युनिकच्या टेक्निकल युनिव्हर्सिटीनेही २०२४ पासून अशा नव्या विद्यार्थ्यांना फी लावली आहे.

आता जमीन. बाबा थेट विकण्यावर आले, त्यामागे माझ्या अंदाजाने बँकेतला एखादा नकार असावा. साडेसात लाखांच्या वरच्या शैक्षणिक कर्जाला बँका साधारणपणे तारण मागतात, आणि शेतजमीन त्यांना नको असते. कर्ज थकलं तर सरफेसी कायद्याखाली, म्हणजे बँकांच्या तारण-जप्तीच्या कायद्याखाली, त्यांना शेतजमिनीवर हात घालता येत नाही, म्हणून. त्यांना फ्लॅट चालतो, एनए म्हणजे बिगरशेती प्लॉट चालतो, मुदत ठेव चालते. तेव्हा काकांच्या फ्लॅटचा विचार गंभीरपणे व्हायला हवा. अनेक बँका ब्लॉक्ड अकाउंटची रक्कम कर्जातून थेट भरतात, हप्ते साधारण शिक्षण संपून वर्ष झालं की सुरू होतात, आणि काही सरकारी बँका मुलींना व्याजात थोडी सवलतही देतात. पण शिक्षण चालू असतानाही व्याज चढत असतं. ते वहीत लिही, लपवू नकोस.

घाईत विकलेल्या जमिनीला भाव मिळत नाही हे बाबांना तुझ्यापेक्षा जास्त कळतं. आणि नवी बाग लावून पहिला माल हाती यायला दोन-तीन वर्षं जातात, हेही. कर्ज फिटतं, तो एकर परत येत नाही. माझं स्पष्ट मत आहे: जमीन विकणं हा शेवटचा पर्याय असावा, पहिला नाही.

एका संध्याकाळी बाबांना म्हण, मला तुमच्याशी हिशेबाचं बोलायचंय. द्राक्षाचा हिशेब ते ज्या वहीत लिहितात तीच घे. एका पानावर लागणारे पैसे: ब्लॉक्ड अकाउंट, व्हिसा, विमान, सेमिस्टरची वर्गणी, पहिल्या घराचं डिपॉझिट. दुसऱ्या पानावर येणारे: तुझी बचत, कर्ज, बागेतून खरोखर सुटू शकणारी रक्कम. आणि तिसऱ्या पानावर, गणित चुकलं तर काय. दुसऱ्या वर्षी तिथला राहण्याचा परवाना वाढवताना पैशांचा पुरावा पुन्हा लागतो, तो कुठून येणार? डिग्रीनंतर नोकरी शोधायला १८ महिन्यांचा परवाना मिळतो, त्यात नोकरी लागली नाही तर हप्ते कोण भरणार? हे तिसरं पान काकांनीही वाचलं पाहिजे. त्यांचा फ्लॅट अडकणार आहे, आणि भावाभावांत पुढे वितुष्ट येतं ते पैसे बुडाल्यापेक्षा आधी न सांगितल्याने जास्त.

बाबांना एक वचन मात्र देऊ नकोस: "तिकडे गेल्यावर काम करून सगळं भागवीन." विद्यार्थ्याला वर्षात १४० पूर्ण दिवस किंवा २८० अर्धे दिवस काम करता येतं, पण पहिल्या सेमिस्टरला अभ्यास, भाषा आणि थंडी यांतच जीव मेटाकुटीला येतो. पहिल्या वर्षाच्या हिशेबात ती कमाई शून्य धर.

आणि त्याच बैठकीत त्यांना सांग की तुला भीती वाटते. तू म्हणशील, मग ते पाठवणारच नाहीत. मला तसं वाटत नाही. अवकाळी पाऊस आणि गारपीट डोळ्यांनी बघून पुढच्या वर्षी पुन्हा छाटणीला उभा राहणारा माणूस आहे तो. भीती वाटत असताना काम कसं करायचं हे त्यांच्याइतकं चांगलं तुला कुणी शिकवणार नाही, पण त्यासाठी त्यांना ती दिसली पाहिजे. व्हिसा नाकारला जावा असं मनात येणं म्हणजे जायची इच्छा नाही असं नव्हे. निर्णयाचं सगळं ओझं एकटीने उचललंस की ते दुसऱ्या कुणीतरी काढून घ्यावं असं वाटतंच. हिशेब उघड झाल्यावरही महिनाभर तेच वाटत राहिलं, तर विद्यापीठाला विचार, प्रवेश पुढे ढकलता येतो का. काही ठिकाणी येतो, काही ठिकाणी पुन्हा अर्ज करावा लागतो. त्यात कमीपणा नाही.

आईशी वेगळं बोल, स्वयंपाकघरात, दोघीच असताना. तिच्याकडून एकच गोष्ट मागून घे: घरात कुणाला दवाखान्यात नेलं तर मला त्याच दिवशी कळवायचं. आपल्याकडे "पोरीला तिकडे टेन्शन नको" म्हणून ऑपरेशनं लपवली जातात, आणि मग परदेशातलं मूल आईच्या फोनवरच्या प्रत्येक खोकल्याला दचकतं. तूही तिला तुझं आजारपण कळवायचंस. तू सप्टेंबरच्या शेवटी निघशील तेव्हा गोडी छाटणीची धांदल असेल, आई मजुरांच्या डब्यात बुडालेली असेल. कामात तिचं मन गुंतेल, ते बरंच आहे. पण रविवारची एक वेळ आत्ताच ठरवा.

आजीचं लग्नाचं म्हणणं ऐकून घे, वाद घालू नकोस. निर्णय तिच्या हातात नाही आणि तिलाही ते ठाऊक आहे.

आता बॅग. साजूक तूप, पेढे, दुधाचं आणि मांसाचं काहीही युरोपात नेता येत नाही, तेव्हा आईला आधीच सांग, म्हणजे विमानतळावर डबा टाकून द्यावा लागणार नाही. गोडा मसाला, छोटा कुकर, चष्मा असेल तर जास्तीचा एक, नेहमीची औषधं डॉक्टरांच्या चिठ्ठीसह. जाड कोट तिथेच घे.

खरी घाई आहे ती खोलीची. विद्यार्थी वसतिगृहांची प्रतीक्षायादी महिनोन्‌महिने चालते, म्हणून हे वाचून झालं की आजच अर्ज भर. खोली न दाखवता "मी परदेशात आहे, डिपॉझिट पाठवा, किल्ली कुरिअरने येईल" म्हणणाऱ्याला एक पैसाही पाठवायचा नाही. घरात राहायला गेल्यावर दोन आठवड्यांत नगर कार्यालयात पत्ता नोंदवावा लागतो आणि त्याला घरमालकाचं पत्र लागतं. ते देणार का, हे खोली घेण्याआधी विचार.

तारणाच्या कर्जाला सर्च रिपोर्ट (मालकीची तपासणी) आणि मूल्यांकनात काही आठवडे जातात, तेव्हा वहीची बैठक या आठवड्यातच घे. आणि ती झाल्यावर काकांना फोन बाबांनाच करू दे. तू शेजारी बस, पण बोलणं त्या दोघा भावांचं होऊ दे.