व्हिडिओ पत्रकारितेत यायचंय, हाताशी साठ हजार आहेत. कॅमेरा घेऊ की कोर्स करू?

तुम्ही कळव्यात राहता, बीकॉमच्या शेवटच्या वर्षाला आहात आणि साठवलेले साठ हजार रुपये कॅमेऱ्यावर घालावेत की कोर्सवर, असं विचारलंय.

कॅमेरा आत्ता घेऊ नका. त्यातले चार-पाच हजार आवाजावर खर्च करा. वायरचा कॉलर माइक, त्यावर बसणारी वारा अडवणारी टोपी आणि कान पूर्ण झाकणारे हेडफोन घ्या. चित्रीकरण फोनवर होईल. मी ऐरोलीत राहतो, अकरा वर्षं हेच काम करतोय आणि ही गोष्ट मला एका मुलाखतीने शिकवली.

बेलापूरच्या दिवाळे कोळीवाड्यात एका मावशींकडे गेलो होतो. खाडीतली मासळी का आटली, हा विषय. जेट्टीवर बसून त्या चाळीस मिनिटं बोलल्या. जितडा पूर्वी कधी लागायचा, होडी का विकली, विकल्याच्या दुसऱ्या दिवशी पहाटे सवयीने जाग आली तेव्हा घरात कोण काय बोललं. मी कॅमेऱ्याच्या चौकटीकडे बघत होतो, कारण उजेड फार सुंदर पडला होता. घरी येऊन ऐकलं तर नुसता वारा. दुसऱ्या दिवशी परत गेलो. ‘काल सांगला ना तुला!’ म्हणाल्या, तरी बसल्या बिचाऱ्या. पण होडीचं दोन वाक्यांत आटोपलं. माणूस मनातलं पहिल्यांदा सांगतो तेव्हा सांगता सांगता त्याला स्वतःलाच ते सापडत असतं. दुसऱ्या वेळी आपल्या हाती फक्त माहिती लागते. ती पहाट माझ्या व्हिडिओत नाही, याची रुखरुख आजही आहे.

तेव्हापासून हेडफोन कानाला असल्याशिवाय मी कोणाला बोलतं करत नाही. चित्र थोडं हललं, अंधारलं तरी लोक चालवून घेतात. शब्द कळेना झाले की बोट पुढच्या व्हिडिओवर जातं. समोरचा बोलताना तोंडाने ‘हो, हो’ करू नका, तेही रेकॉर्ड होतं. मान हलवा. उत्तर संपलं असं वाटलं तरी लगेच पुढचा प्रश्न टाकू नका, चार-पाच सेकंद गप्प राहा. खरं बोलणं बहुधा त्या शांततेनंतर येतं. आणि निघण्यापूर्वी कोणीही न बोलता त्या जागेचा आवाज मिनिटभर वेगळा घ्या. एडिट करताना दोन वाक्यांमधली फट त्यानेच भरते.

आपल्याकडचं बातमीचं पहिलं चित्रण १९०१ सालचं मानतात. गणितज्ञ रँग्लर परांजपे केंब्रिजहून परतले, त्यांच्या स्वागताचं. ते टिपणारे सावेदादा, म्हणजे हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर, यांच्याकडे आवाज टिपायची सोयच नव्हती. योग्य वेळी योग्य जागी उभं राहणं एवढंच हातात होतं. आपल्याला आवाज मिळालाय आणि त्यावर पार्श्वसंगीत ओतून आपण तो बुडवतो. कोळीवाड्याच्या व्हिडिओखाली बासरी लावलेली पाहिली की मला खरंच वाईट वाटतं. तिथे पाण्याचा, कोयत्याचा, हाका मारण्याचा आवाज असतो की.

योग्य जागी उभं राहणं मी शिकलो ते लग्नांच्या शूटिंगमध्ये. पहिली दोन वर्षं घर त्यावरच चाललं. अंतरपाट एकदाच बाजूला होतो. त्या क्षणी तुम्ही कुठे असायला हवं हे मंगलाष्टकं सुरू होण्याआधी ठरवावं लागतं. पत्रकारितेतही तसंच आहे. कोळंबी निवडणारी बाई दिसली तर आधी बघत राहा. हात काय करतायत, नजर कुठे जाते, काय पुन्हापुन्हा घडतंय. मग हात जवळून, चेहरा जवळून, दोन्ही मिळून लांबून, तिच्या खांद्यावरून, असे शॉट घ्या आणि प्रत्येक शॉट दहा सेकंद हलवू नका. एवढे जमले तर एडिटला कशाची अडचण पडत नाही.

फोनमध्ये मॅन्युअल सेटिंगचं अ‍ॅप घ्या. सेकंदाला २५ फ्रेम आणि शटरचा वेग १/५० सेकंद ठेवा. आपली वीज ५० हर्ट्‌झची, त्यामुळे ३० फ्रेमवर ट्यूबलाइटखाली चित्रात पट्टे फिरताना दिसू शकतात.

भाषेबद्दल मात्र मी हटून बसतो. आगरी-कोळी माणूस जसा बोलतो तसाच सबटायटलमध्ये लिहा. ‘प्रेक्षकांना कळणार नाही’ म्हणून एका संपादकांनी माझं सगळं प्रमाण मराठीत करून घेतलं होतं. ज्यांचं बोलणं होतं त्यांनाच ते परकं वाटलं. एखादा शब्द अडला तर त्याचा अर्थ द्या, पण वाक्य बदलू नका.

कोर्सचं म्हणाल तर पुण्याचं रानडे इन्स्टिट्यूट किंवा मुंबई विद्यापीठाचे माध्यमांचे अभ्यासक्रम, कुठेही गेलात तरी उपयोग होईल, विशेषतः कायद्याच्या बाबतीत. पॉक्सो म्हणजे मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धचा कायदा, त्याच्या कलम २३ नुसार अत्याचार झालेल्या मुलाची ओळख पटेल असं काहीही माध्यमांत देता येत नाही. नाव, फोटोच नाही तर शाळा आणि वस्तीसुद्धा. हे नकळत मोडणारे खूप पाहिलेत. पण नोकरी देणारे तुमचं काम बघायला मागतील. तीन-तीन मिनिटांचे पाच पूर्ण व्हिडिओ हाताशी असू द्या. उत्तर प्रदेशातल्या चित्रकूटमध्ये २००२ साली गावच्या बायकांनी ‘खबर लहरिया’ हे छापील पत्र सुरू केलं आणि पुढे त्या बायका मोबाइलवर बातम्या चित्रित करू लागल्या. पगार सुरुवातीला कमी असतो, म्हणून एडिटिंग नीट शिका. मागणी त्याला जास्त आहे.

परीक्षा झाली की कळव्याच्या खाडीपुलापासून सुरुवात करा. ओहोटीला कोण चिखलात उतरतं ते बघा. पहिल्या दिवशी फोन खिशातच राहू द्या, फक्त बोला, नाव-गाव विचारा. आणि दुसऱ्या दिवशी कालच्याच वेळेला जाऊ नका. भरती-ओहोटी रोज साधारण पन्नास मिनिटं पुढे सरकते, माणसंही तेवढ्याच उशिरा येतात.