पोस्टडॉकनंतर, म्हणजे पीएचडीनंतरच्या तात्पुरत्या संशोधन-नेमणुकीनंतर, संशोधन सोडून कॉलेज चालवण्याच्या जबाबदारीकडे वळलो तर पीएचडी वाया जाईल का?

मी रसायनशास्त्रातल्या संशोधनातून आधी विभागप्रमुख आणि मग प्राचार्य झालो. अनुभवाने सांगतो, पीएचडी वाया जात नाही. मात्र शंका घ्यायची आणि ती तपासून पाहायची सवय तुम्ही सोबत न्यायला हवी.

आमच्या पहिल्या वर्षाच्या टायट्रेशनच्या (एक द्रावण थेंबाथेंबाने घालून दुसऱ्याचं प्रमाण मोजायच्या) प्रॅक्टिकलला अख्ख्या बॅचचं रीडिंग दशांश चिन्हापर्यंत सारखं यायचं. मुलं सीनियरच्या जर्नलमधून उतरवतात हे सगळ्यांनाच ठाऊक होतं आणि उपाय म्हणजे ओरडणं. मी तरुण सहकाऱ्यांना एवढंच विचारलं, की आपण गुण कशाचे देतो? अचूक उत्तराचे. मग मुलं अचूक उत्तरच आणणार! एका सहकारी मॅडमनी सुचवलं, की गुण रीडिंगला न देता ते वेगळं का आलं याच्या कारणाला द्यावेत. हळूहळू जर्नलमध्ये 'ब्युरेटमध्ये (द्रावण मोजून सोडायच्या नळीत) हवेचा बुडबुडा होता' अशी वाक्यं दिसू लागली. कल्पना मॅडमची होती आणि श्रेयही त्यांनाच मिळालं. त्यात मनापासून आनंद वाटत असेल तर हे काम तुमचं आहे. स्वतःच्या नावाच्या पेपरचीच ओढ असेल, तर लॅब सोडू नका. त्यात कमीपणा काहीच नाही.

टीआयएफआरमधले (मुंबईची टाटा मूलभूत संशोधन संस्था) भौतिकशास्त्रज्ञ व्ही. जी. कुलकर्णी हेही असेच वळले. १९७४ साली सुरू झालेल्या होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्राचे ते संस्थापक संचालक. मुलांना विज्ञान जड जातं की पुस्तकाची भाषा, हा प्रश्न या केंद्राने अंदाजावर सोडला नाही. मजकूर सोप्या भाषेत लिहून प्रत्यक्ष वर्गांत तपासला, आणि मुलांची समज वाढलेली दिसली. याला मी संशोधनच म्हणतो.

व्यवहाराचं थोडं. यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) २०१८च्या नियमांनुसार प्राचार्यपदासाठी पीएचडी, अध्यापन किंवा संशोधनाचा किमान १५ वर्षांचा अनुभव आणि किमान १० शोधनिबंध लागतात. नेमणूक ५ वर्षांची असते. म्हणून लेखन थांबवू नका. थेट खुर्चीकडेही जाऊ नका. आधी काही वर्षं पहिल्या वर्षाचे वर्ग घ्या. पुढे पद मिळेल तेव्हा आठवड्यातले दोन तास शिकवायला मिळावेत, हे रुजू होण्याआधीच संस्थेशी बोलून घ्या. नॅकच्या, म्हणजे कॉलेजचं मूल्यांकन करणाऱ्या संस्थेच्या, फायली सुरू झाल्या की ते तास सर्वांत आधी जातात.