पहिलं बाळ सातव्या महिन्यात गेलं, आता पुन्हा तसंच होईल का?

हा प्रश्न बायका फार हळू आवाजात विचारतात. त्याच्या आड बहुतेक वेळा दुसराच प्रश्न दडलेला असतो: माझ्यामुळे झालं का?

दिंडोरी तालुक्यातली शैला (नाव बदललं आहे) द्राक्षबागेत मजुरीला जाते. नाशिकला माझ्याकडे आली तेव्हा तिला दुसऱ्यांदा दिवस गेले होते, सोबत सासूबाई. पहिल्या वेळी २७व्या आठवड्यात पाणी गेलं, ताप चढला, बाळ काचेच्या पेटीत ठेवलं पण वाचलं नाही. फाइलमध्ये 'गर्भजलात संसर्ग' असं लिहिलेलं. घरात मात्र कारण केव्हाच ठरलं होतं: हिने पपई खाल्ली.

मी सासूबाईंकडे बघूनच बोलले. "मावशी, पपईने गर्भजलात जंतू जात नाहीत. ते बहुतेक वेळा खालून, योनीमार्गातून वर चढतात. शरीर त्यांच्याशी झगडू लागलं की पाणमोट (बाळाभोवतीची पाण्याची पिशवी) कमकुवत होते, वेळेआधी कळा सुरू होतात. यात हिचा काही दोष नाही."

मग शैलाला विचारलं, बागेत लघवीला कुठे जातेस?

"जातच नाही ताई. संध्याकाळी घरी आल्यावर. म्हणून पाणी पण कमीच पिते."

आणि पहिल्या वेळी अंगावरून पांढरं जात होतं का? ती सासूकडे बघून गप्प झाली. मग म्हणाली, "वास यायचा. पण असलं कुणाला सांगायचं?"

मला याचंच फार वाईट वाटतं. वास, खाज, जळजळ हे डॉक्टरांना पहिल्या दिवशी सांगायचं असतं, आणि आपल्याकडे ते लाजेपोटी आठवडेच्या आठवडे अंगावर काढलं जातं.

गरोदरपणात १०० पैकी २ ते १० जणींच्या लघवीत काहीही त्रास नसताना जंतू सापडतात. उपचार न झाल्यास ते मूत्रपिंडापर्यंत जाऊ शकतात. म्हणून सुरुवातीच्याच महिन्यांत लघवीचं कल्चर (जंतू शोधायची तपासणी) करून घ्यायचं आणि गोळ्या दिल्या तर पूर्ण संपवायच्या. साबणाने किंवा औषधी पाण्याने आतून धुवायचं नाही, त्याने तिथले चांगले जंतू मरतात. आधी अपुऱ्या दिवसांचं बाळंतपण झालेलं असेल, तर सोनोग्राफीत गर्भाशयाच्या तोंडाची लांबी मोजतात. ती २५ मिलिमीटरपेक्षा कमी भरली तर प्रोजेस्टेरॉन (गर्भ टिकवायला मदत करणारं संप्रेरक) द्यायचं की त्या तोंडाला टाका घालायचा, हे डॉक्टर ठरवतात.

सहाव्या महिन्यात फोन आला तो सासूबाईंचा. "ताई, परत वास येतोय म्हणते. उद्या आणू का?" आजच आणा म्हटलं. संसर्ग निघाला, उपचार झाले. ३८व्या आठवड्यात मुलगी झाली. त्या उपचारानेच दिवस भरले असं मी छातीठोक सांगणार नाही. सगळीच अकाली बाळंतपणं टाळता येत नाहीत, आणि काहीच त्रास नसलेल्या प्रत्येकीला योनीसंसर्गाची औषधं देऊनही ती कमी झालेली दिसलेली नाहीत.

पण दिवस भरायच्या आत पाणी गळलं, ताप आला, पोट दुखून कडक होऊ लागलं, तर सकाळची वाट बघू नका. १०८ला फोन करा. पाणी गेल्यावर वेळेत पोहोचलं तर संसर्ग आवरायला अँटिबायोटिक देता येतात, आणि ३४ आठवड्यांच्या आत असाल तर बाळाच्या फुप्फुसांसाठी इंजेक्शनंही. ती बाळंतपणाच्या निदान एक दिवस आधी मिळाली तर जास्त उपयोगी पडतात. निघताना फाइल सोबत घ्या.