इंग्रजी वाचून कळतं, मग ऐकून का नाही?

अकरावी-बारावीच्या मुलांचे पालक इंग्रजीसाठी माझ्याकडे येतात तेव्हा तक्रारीचा सूर बहुतेक वेळा एकच असतो. मार्क तर बरे पडतात, मग वर्गात शिकवलेलं डोक्यात का शिरत नाही? इंग्रजी कच्चं म्हणायचं, लक्ष नाही म्हणायचं, की शास्त्र शाखाच झेपत नाही? सायलीचे वडील हे तिन्ही प्रश्न एका दमात विचारून मोकळे झाले. (नाव अर्थातच बदललं आहे, घरचे काही तपशीलही.)

सायली सांगली जिल्ह्यातल्या एका गावची. दहावीपर्यंत सेमी इंग्रजी, म्हणजे गणित-विज्ञान इंग्रजीतून आणि बाकी सगळं मराठीतून. दहावीला इंग्रजीत ८४. शहरातल्या ज्युनिअर कॉलेजात अकरावी शास्त्र, तिथं वार्षिक परीक्षेत इंग्रजीला ७१. बारावी सुरू झाल्यावर तिनं फिजिक्स-केमिस्ट्रीच्या तासांना बसणं हळूहळू सोडलं. वाचनालयात बसायची आणि मैत्रिणीच्या वह्या उतरवून काढायची. हजेरीचा मेसेज घरी गेला तेव्हा प्रकरण बाहेर आलं.

वडील म्हणाले, “मॅडम, पुस्तक दिलं की समजतंय की सगळं. सर बोलाय लागले की हिचं डोकं बंद. कान तपासून आणले. रिपोर्ट नॉर्मल हाय.”

कान तपासून आणले हे त्यांनी उत्तम केलं. ही पायरी बरेच पालक गाळतात. ऑडिओमेट्री नॉर्मल आली की निदान एक दार बंद करता येतं. त्यांचा दुसरा उपाय मात्र घरात सगळ्यांनाच जड गेला होता. रात्रीच्या जेवणाला टीव्हीवर सक्तीनं इंग्रजी बातम्या. पाच-सहा जण एकाच वेळी ओरडताहेत, खालून पट्टी पळतेय, सायलीला त्यातलं काही कळत नाही आणि तिच्या आईची मालिका बंद.

सायलीशी एकटीशी बोलले. ती म्हणाली, “सरांचं पहिलं वाक्य कळतं. मग एखादा शब्द जातो. तो काय होता हे आठवेपर्यंत फळा भरलेला असतो. बाकीची हसतात तेव्हा मी पण हसते.” एवढं सांगून ती गप्प झाली. मी तिला आणखी खोदून विचारलं नाही. मुलीला नेमकं काय होतंय हे तिनं तीन-चार वाक्यांत सांगितलं होतं. आता ते तपासायचं होतं.

अशा वेळी मी छापील चाचण्या फारशा वापरत नाही. दोन उतारे, त्यावर दहा-दहा प्रश्न, एक उतारा वाचायला आणि दुसरा ऐकायला. सांगताना सोपं वाटतं, पण उतारा निवडण्यातच निम्मं काम असतं. सायलीपुढे आधी मी मुद्दाम हळदीवरच्या उताऱ्याचे नुसते प्रश्नच ठेवले, उतारा दिलाच नाही. हळदीला रंग कशामुळे येतो, लागवड कधी करतात, सांगलीच्या हळदीला भौगोलिक मानांकन कधी मिळालं. तिनं उतारा न बघताच बहुतेक उत्तरं लिहिली, मानांकनाचं २०१८ साल धरून. घरची हळद असणाऱ्या मुलीनं ती लिहावीतच. म्हणजे या उताऱ्यावर तिला पैकीच्या पैकी मिळाले असते तरी त्यातून तिच्या इंग्रजीबद्दल काहीच कळलं नसतं. इंग्रजीच्या शिक्षकांना मी नेहमी सांगते, चाचणी देण्याआधी दोन-तीन मुलांना नुसते प्रश्न सोडवायला द्या. उतारा न वाचता निम्मी उत्तरं येत असतील तर त्या चाचणीत तुम्ही सामान्यज्ञान मोजताय.

मग तिला अजिबात माहीत नसलेले विषय घेतले. वाचायला ईल माशांवरचा उतारा, ऐकायला आर्क्टिक टर्न या पक्ष्याच्या स्थलांतराचा. दुसरा उतारा इंग्रजी शिकवणाऱ्या एका मैत्रिणीच्या आवाजात रेकॉर्ड केलेला, सुमारे दोन मिनिटांचा, आपल्याकडच्या प्राध्यापकांच्या बोलण्याच्या वेगानं. ब्रिटिश आवाज घेतला नाही. सायलीचं अडत होतं ते सांगलीतल्या सरांच्या इंग्रजीपाशी, लंडनच्या नव्हे. शिवाय हा उतारा बोलण्यासाठी लिहिलेला होता. पाठ्यपुस्तकातला परिच्छेद मोठ्यानं वाचला की श्रवणाची चाचणी झाली, असा एक समज आहे. पुस्तकातली तीस-तीस शब्दांची वाक्यं कानांसाठी लिहिलेली नसतात. बोलणारा माणूस थांबतो, तेच पुन्हा वेगळं सांगतो, “म्हणजे काय, तर” असं म्हणत ऐकणाऱ्याला सावरून घेतो.

उत्तरं मराठीत लिहिलीस तरी चालेल, असं सांगितलं तेव्हा तिनं दोनदा विचारून खात्री करून घेतली. कारण साधं आहे. मला तिचं आकलन बघायचं होतं. उत्तर इंग्रजीतच मागितलं की स्पेलिंग, काळ, वाक्यरचना सगळंच त्यात मिसळतं आणि चूक कुठली ते कळत नाही. परदेशी जाणाऱ्यांच्या आयईएलटीएस परीक्षेत श्रवणाच्या भागात स्पेलिंग चुकलं तरी गुण जातो. तिथं तो नियमच आहे. निदान करताना तो पाळायचं कारण नाही.

वाचनात दहापैकी आठ. श्रवणात तीन.

आकड्यांवर थांबलं तर वडिलांनी सांगितलं त्यापलीकडे काहीच हाती लागत नाही. म्हणून ऐकवलेल्या उताऱ्याचा कागद तिच्यापुढे ठेवला. तिनं तो मिनिटभरात वाचला आणि वर बघून म्हणाली, “एवढंच होतं?” त्यात तिला न येणारे शब्द दोनच निघाले. मग कागद समोर ठेवून रेकॉर्डिंग परत लावलं आणि जिथं सुटतंय तिथं पेन्सिलीनं रेघ मारायला सांगितलं. रेघा अवघड शब्दांखाली नव्हत्याच. ‘टेम्परेचर’, ‘सेव्हरल’, ‘डिफरंट’ अशा रोजच्या शब्दांखाली होत्या. आपण मराठीत प्रत्येक अक्षर सुटं, स्पष्ट उच्चारतो. सायलीनं हे शब्द वहीतून शिकले, तेही मनात तसेच उच्चारून. बोलताना त्यांचं ‘टेम्प्रचर’, ‘सेव्रल’, ‘डिफ्रंट’ होतं आणि आजूबाजूचे छोटे शब्द तर एकमेकांत विरघळूनच जातात. तिच्या डोळ्यांना हे शब्द ओळखीचे होते, कानांना नव्हते.

शेवटी केमिस्ट्रीतलं एक वाक्य सांगून लिहून घेतलं. अभिक्रियांच्या वेगाचा धडा तिचा झालेला होता. मी म्हटलं, ‘द रेट ऑफ अ झीरो ऑर्डर रिॲक्शन इज इंडिपेंडंट ऑफ द कॉन्सन्ट्रेशन ऑफ द रिॲक्टंट.’ तिनं लिहिलं ते असं: झीरो ऑर्डर रिॲक्शनचा वेग कॉन्सन्ट्रेशनवर ‘डिपेंड’ असतो. ‘इन’ गेला आणि अर्थ साफ उलटा झाला. लिहिलेलं वाचून दाखव म्हटल्यावर ती अडखळली. “मॅडम, झीरो ऑर्डरला तर डिपेंड नसतं ना?” म्हणजे धडा येत होता. पण ऐकताना सगळी शक्ती शब्द पकडण्यात जात होती आणि अर्थाकडे लक्ष द्यायला काही उरत नव्हतं. वर्गात तासभर हेच चालायचं. घरी नेलेल्या वहीत असे किती ‘इन’ गळाले असतील कोण जाणे.

आता त्या आठ गुणांकडे वळते, कारण तेही वाटले तितके निर्मळ नव्हते. ईलच्या उताऱ्यात सुरुवातीला असं होतं की हे मासे चिखलातून जन्मतात असं अरिस्टॉटलला वाटे. पुढच्या परिच्छेदात योहानेस श्मिट या डॅनिश संशोधकानं विसाव्या शतकाच्या सुरुवातीला समुद्रात बारीक बारीक अळ्या शोधत त्यांची जन्मभूमी अटलांटिक महासागरातल्या सार्गासो समुद्रापर्यंत कशी नेऊन भिडवली, ते होतं. चूक की बरोबरमध्ये विधान दिलं होतं: ईल चिखलातून जन्मतात. सायलीनं ‘बरोबर’ लिहिलं. का, विचारल्यावर तिनं लगेच ओळ दाखवली. “हे काय, दिलंय की!”

ही सवय बारावीच्या वर्गावर्गात आहे आणि ती मुलांनी स्वतःहून लावून घेतलेली नाही. बोर्डाच्या इंग्रजीच्या कृतिपत्रिकेत लेखी ८० गुण असतात, तोंडी २०. लेखीत पाठातला उतारा, अपठित उतारा, कविता, लेखनकौशल्य, कादंबरी. पाठातले उतारे गाइडमधून तोंडपाठ झालेले असतात. अपठित उताऱ्यात प्रश्नातला शब्द उताऱ्यात शोधायचा आणि ती ओळ उचलायची, हे मुलांना शिकवलंच जातं. पुष्कळदा ते चालूनही जातं. श्रवण येतं त्या २० गुणांच्या तोंडीत. शंभरेक मुलांची तुकडी, एकच शिक्षक, वर पंखे घरघरताहेत. मागच्या बाकावरच्या मुलाला उतारा नीट ऐकू आला की नाही हेदेखील कुणाला कळत नाही, आणि गुण बहुतेकांना चांगलेच पडतात. शिक्षकांना दोष देण्यात अर्थ नाही, एवढ्या मुलांचं तोंडी घेऊन पाहा म्हणजे कळेल. पण त्या गुणपत्रिकेवरून पोरीला ऐकलेलं कळतं असा निष्कर्ष काढू नये, एवढंच.

वडिलांना हे समजावताना रेघा मारलेला कागदच पुढे ठेवला. त्यांनी तो बराच वेळ बघितला आणि विचारलं, “म्हणजे ही आळशी न्हाई?” सायली शेजारीच बसली होती. मी म्हटलं, मैत्रिणीच्या वह्या रोज उतरवून काढणारी मुलगी आळशी कशी असेल? त्यावर कुणीच काही बोललं नाही. पण मला वाटतं त्या दिवशीचं खरं समुपदेशन तेवढंच होतं, बाकी सगळी शिकवणी.

शिकवणी अशी होती. इंग्रजी बातम्या बंद. ज्यातलं काहीच कळत नाही ते ऐकत राहिल्यानं कान तयार होत नाहीत, फक्त विटतात. त्याऐवजी जो धडा पुस्तकातून आधीच समजलाय त्याचाच इंग्रजी व्हिडिओ लावायचा, शक्यतो आपल्याकडच्या प्राध्यापकांचा. एका वेळी दोन-तीन मिनिटांचा तुकडा. आधी इंग्रजी सबटायटल बघत ऐकायचा, मग सबटायटल झाकून. मराठी किंवा हिंदी सबटायटल नकोत. ती वाचली की कान सुट्टीवर जातात. वेग सुरुवातीला ०.७५ चालेल, पण तिथंच राहायचं नाही. मग पाच ओळी ऐकून लिहायच्या आणि मूळ मजकुराशी ताडून पाहायच्या. रोज पंधरा मिनिटं, जास्त नाही. हे काम कंटाळवाणं आहे हे मी तिला आधीच सांगून ठेवलं होतं.

दुसरी गोष्ट तासाला बसण्याची. सुटलेल्या शब्दाच्या मागे जायचं नाही, वहीत तिथं आडवी रेघ मारायची आणि पुढचं वाक्य धरायचं. तिच्यासाठी हे सगळ्यात अवघड गेलं. रेघांनी भरलेली वही तिला लाजिरवाणी वाटायची. म्हणून उद्याचा भाग आदल्या रात्री पुस्तकातून वाचून जायचा, म्हणजे रेघांच्या जागी काय असणार याचा अंदाज तरी येतो. केमिस्ट्रीच्या सरांना भेटून तासाच्या सुरुवातीला मुद्दे फळ्यावर लिहाल का, असं तिनं विचारावं असं मी सुचवलं. ती काही केल्या तयार होईना. शेवटी मैत्रिणीला घेऊन गेली. सर हो म्हणाले, आणि म्हणे वर्गातल्या आणखी बऱ्याच जणांनी हुश्श केलं.

वाचनासाठी एकच पथ्य दिलं: उतारा वाचून झाला की पुस्तक मिटायचं आणि त्यात काय होतं ते धाकट्या भावाला मराठीत सांगायचं. ओळ उचलायची सोय तिथं राहत नाही. अरिस्टॉटलची ओळ तिनं अशी सांगितली असती तर “मग खरं काय?” हे भावानंच विचारलं असतं.

दिवाळीनंतर नवे उतारे घेऊन पुन्हा चाचणी घेतली. श्रवणात सहा. वाचनात आठच, पण यावेळची दोन उत्तरं चुकली ती विचार करून चुकली होती, मला ती जास्त आवडली. फिजिक्सचे सर अजून फार भरभर बोलतात असं तिचं म्हणणं आहे. असतीलही.

हीच जोडचाचणी कधी कधी उलटी लागते. त्याच सुमारास एक मुलगा आला होता, अकरावीचा. ऐकलेल्या उताऱ्यावर दहापैकी नऊ, आणि तेवढाच उतारा वाचायला दिला तर अर्धाही वाचून होईना. फिलिप गॉफ आणि विल्यम टन्मर यांनी १९८६ साली मांडलं होतं की वाचून कळण्यासाठी अक्षरांवरून शब्द ओळखणं आणि भाषा समजणं अशी दोन्ही लागतात, एक शून्य असेल तर गुणाकार शून्य. या मुलाची भाषेची समज चोख होती. मी त्याला मराठी उतारा वाचायला दिला, तिथंही तो शब्द गाळत, ओळ चुकवत होता. म्हणजे दुखणं इंग्रजीचं नव्हतंच. सायलीचे उपाय त्याला देऊन उपयोग नव्हता. त्याला अध्ययन अक्षमतेच्या, म्हणजे डिस्लेक्सियासारख्या वाचन-लेखनाच्या अडचणींच्या, तपासणीसाठी पाठवलं. प्रमाणपत्र मिळालं तर बोर्डाच्या परीक्षेत जादा वेळेसारख्या सवलती मिळतात, पण ते अधिकृत रुग्णालयाचं लागतं आणि तिथं तारखा लवकर मिळत नाहीत. बारावीची लेखी फेब्रुवारीत लागते आणि बरेच पालक डिसेंबरात धावपळ सुरू करतात. त्याच्या आईला म्हटलं, अकरावीतच नंबर लावा.